गॉस प्रति मिलिमीटर: हॉल सेन्सरवर बिनचूक होमिंग

प्रश्न सावंतवाडीकडच्या एका लाकडी वस्तूंच्या कारखान्यातला आहे. पाट आणि खेळण्यांचे सुटे भाग कोरायला घरीच जुळवलेलं छोटं सीएनसी राउटर (संगणकाच्या हुकमावर कोरणारं यंत्र) आहे, त्यावर अर्डुइनो उनो हा कंट्रोलर बोर्ड आणि त्यात यंत्र चालवणारं जीआरबीएल हे सॉफ्टवेअर. होमिंगचे, म्हणजे यंत्राला सुरुवातीच्या ठरलेल्या जागी (होम) आणताना ती जागा दाखवणारे, मायक्रोस्विच पावसाळ्यात गंजून दगा द्यायला लागले, म्हणून त्यांच्या जागी ३१४४ हॉल सेन्सर (चुंबक जवळ आला की चालू होणारा स्विच) आणि ६ मिमी व्यासाची, ३ मिमी जाडीची निओडिमियम चकती बसवली. आता खटका न चुकता पडतो, पण होमची जागा सकाळ-दुपार अर्धा मिमी इकडेतिकडे होते. मधेच वीज गेली की अर्धवट काम पुन्हा त्याच रेषेवर येत नाही, आणि दोन्ही बाजूंनी कोरायचा तुकडा उलटवला की नक्षी जुळत नाही. त्यापेक्षा महागडा सेन्सर घ्यावा का?

आत्ता तरी घेऊ नका. तुमच्याकडचा सेन्सर कामाचा आहे, गडबड चुंबकाच्या मांडणीत आहे. हॉल सेन्सरला अंतर कळत नाही, त्याला फक्त चुंबकीय क्षेत्राची तीव्रता कळते. ती ठरावीक आकड्याला पोचली की खटका पडतो. खटका पडतो त्या जागी क्षेत्र दर मिलिमीटरला किती गॉसने (गॉस हे त्या तीव्रतेचं माप) बदलतं, यावर तुमची अचूकता ठरते. बदल जितका झपाट्याचा, तितकी सेन्सरची आणि चुंबकाची प्रत्येक खोड कमी मिलिमीटरमध्ये उमटते.

तुमच्याच चकतीचे आकडे घ्या. एन-३५ दर्जाच्या ६ × ३ मिमी चकतीसमोर, मधोमध, हिशेबाने साधारण असं क्षेत्र मिळतं: ३ मिमीवर ११०० गॉस, ५ मिमीवर ४७०, ६ मिमीवर ३२५, ८ मिमीवर १७०, १० मिमीवर १०० आणि १२ मिमीवर ६० च्या आसपास. म्हणजे ५ मिमीजवळ दर मिमीला जवळपास १९० गॉसचा फरक पडतो, तर १० मिमीजवळ जेमतेम २७ गॉसचा.

आता ३१४४ ची माहितीपत्रिका पाहा. खोलीच्या तापमानाला त्याचा चालू होण्याचा बिंदू ७० ते ३५० गॉस यांच्या दरम्यान कुठेही असू शकतो. एकाच पाकिटातल्या दोन नगांपैकी एक साडेअकरा मिमीवरून खटका देईल आणि दुसरा पावणेसहा मिमीवरून, तरी दोन्ही चांगलेच नग. तुमच्या हाती आलेला नग बहुधा ‘हळवा’ आहे आणि चुंबक लांब असतानाच चालू होतो. तिथे तापमानाने सेन्सरचा बिंदू १० गॉस सरकला तरी होम ०.३७ मिमी सरकतं. शिवाय निओडिमियम चुंबक दर अंशाला सुमारे ०.१२ टक्के कमजोर होतो. पहाटेचे २० अंश आणि दुपारी तापलेल्या पत्र्याखालचे ४० अंश यांत २.४ टक्क्यांचा फरक, म्हणजे १० मिमीवर आणखी ०.०९ मिमी. दोन्हींची बेरीज तुमच्या अर्ध्या मिमीच्या जवळ येते.

या मांडणीत आणखी एक त्रास होतो आणि त्याचं कारण चटकन लक्षात येत नाही. ३१४४ चालू होण्याच्या आणि बंद होण्याच्या बिंदूंत साधारण ५५ गॉसचं अंतर असतं. क्षेत्र दर मिमीला २७ गॉसनेच बदलत असेल तर सेन्सर बंद व्हायला गाडा (यंत्राचा सरकता भाग) २ मिमी मागे यावा लागतो. जीआरबीएलचं मागे येण्याचं अंतर, म्हणजे $२७, मुळात १ मिमी असतं. मग यंत्र मागे येतं, खटका सुटलेला नसतो, आणि अलार्म ८ येऊन सगळं थांबतं. अशा वेळी लोक वायरिंग उसकटून बसतात. खरं तर चुंबक जवळ आणला की प्रश्न सुटतो.

पैसे न घालता होणारी दुरुस्ती

चुंबक सेन्सरवर समोरून चालून येऊ देऊ नका, त्याला सेन्सरच्या अंगावरून बाजूने सरकू द्या. आणि एका चकतीऐवजी दोन वापरा: एकमेकींना चिकटून, सरकण्याच्या दिशेत एकीमागे एक, एकीचा उत्तर ध्रुव सेन्सरकडे आणि दुसरीचा दक्षिण. सेन्सर या जोडीसमोरून जाताना क्षेत्र उत्तरेच्या शिखरावरून शून्यातून थेट दक्षिणेच्या शिखरावर जातं, आणि हा सगळा पल्ला सहा मिमीत उरकतो. सेन्सर आणि चुंबक यांच्यात ३ मिमी फट ठेवली तर मधल्या भागात अगदी हात राखून धरलं तरी दर मिमीला ३०० गॉसचा बदल मिळतो. मघाचा १० गॉसचा सरक इथे ०.०३ मिमीवर येतो. बंद होण्याचं ५५ गॉसचं अंतरही ०.१८ मिमीत संपतं, म्हणजे $२७ चं १ मिमी भरपूर झालं.

३१४४ छापील बाजूवर आलेल्या दक्षिण ध्रुवालाच जागतो. म्हणून होमकडे जाताना सेन्सरसमोर आधी उत्तर ध्रुवाची चकती यावी आणि मग दक्षिणेची. ध्रुव ओळखायला साधं होकायंत्र पुरतं: सुईचं उत्तर टोक ज्या तोंडाकडे ओढलं जातं ते दक्षिण. चकत्या बरोबर लावल्या की नाही हे बोटांनाही कळतं. उलटसुलट तोंडाच्या दोन चकत्या टेबलावर शेजारी सरकवल्या तर खट्कन एकमेकींना बिलगतात, सारख्या तोंडाच्या असतील तर दूर ढकलतात. चिकटवताना आधी एकच बसवा आणि ती पूर्ण वाळू द्या. ओल्या गोंदावर दुसरी ठेवली तर ती उडी मारून पहिलीच्या डोक्यावर जाऊन बसते.

या मांडणीत दोन गोष्टी सांभाळायच्या. एक म्हणजे, जोडीच्या बाहेरच्या कडेला क्षेत्र थोडं उलट्या चिन्हाचं होतं. उत्तरेची चकती पोचण्याआधी सेन्सरला हलकासा दक्षिण ध्रुव दिसतो. ३ मिमी फटीवर तो २०-३० गॉसच्या पुढे जात नाही, त्यामुळे ७० गॉसच्या खाली न जागणारा ३१४४ फसत नाही. फट दीड-दोन मिमीवर आणली तर हे उलटं शेपूट वाढतं, म्हणून उगाच जवळ जाऊ नका. दुसरं म्हणजे, गाडा दक्षिणेची चकती ओलांडून पुढे गेला तर खटका पुन्हा सुटतो आणि यंत्राला वाटतं आपण अजून होमच्या अलीकडेच आहोत. शून्याच्या जागेपुढे ४ मिमीवर रबर लावलेला पक्का अडसर बसवा, म्हणजे गाडा तिथवर जाणारच नाही.

तुमच्या कामाला एवढं बहुतेक पुरेल. ०.०५ मिमीच्या आत राहायचं असेल तर पुढचं वाचा.

रेषीय सेन्सर आणि कम्परेटर

३१४४ चा स्वतःचा बिंदू उन्हाबरोबर सरकतो, त्यावर बाहेरून उपाय नाही. म्हणून खटक्याचा निर्णय सेन्सरकडून काढून आपल्या हातात घ्यायचा. एसएस-४९ई हा रेषीय हॉल सेन्सर आहे. ५ व्होल्टवर क्षेत्र शून्य असताना त्याच्या आउटपुटला २.५ व्होल्टच्या आसपास मिळतात. छापील बाजूवर दक्षिण ध्रुव आला की व्होल्टेज वाढतं आणि उत्तर आला की उतरतं, दर गॉसला साधारण १.४ मिलिव्होल्ट. छापील बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले तर डावीकडून पुरवठा, ग्राउंड, आउटपुट हा क्रम ३१४४ सारखाच, त्यामुळे सॉकेट बदलावं लागत नाही.

जीआरबीएलला अ‍ॅनालॉग कळत नाही, म्हणून मधे एलएम-३९३ हा कम्परेटर, म्हणजे दोन व्होल्टेजांची तुलना करून चालू किंवा बंद एवढंच सांगणारी चिप. संदर्भ व्होल्टेजसाठी त्याच ५ व्होल्टवर २.२ के (किलोओहम), १ के चा मल्टिटर्न प्रीसेट (स्क्रूने बारीक बारीक बदलता येणारा रोध) आणि २.२ के अशी साखळी. प्रीसेटचा मधला पाय कम्परेटरच्या धन इनपुटला. सेन्सरची तार १ के मधून ऋण इनपुटला, आणि त्या इनपुटपासून ग्राउंडला ०.१ मायक्रोफॅरॅड. आउटपुट ओपन कलेक्टर आहे (स्वतः फक्त शून्याकडे ओढतं), त्याला ४.७ के ने ५ व्होल्टवर ओढा. आउटपुटपासून धन इनपुटला ४७० के. त्याने खटक्याला सुमारे १४ मिलिव्होल्टची पकड येते, म्हणजे १० गॉस, ०.०३ मिमी. ती नसेल तर सीमेवर आउटपुट थरथरत राहतं.

संदर्भ व्होल्टेज झेनरवरून किंवा वेगळ्या रेग्युलेटरवरून घ्यायचा मोह होईल, तो टाळा. ४९ई चं शून्य पुरवठ्याच्या निम्म्यावर असतं आणि पुरवठ्याबरोबरच वरखाली होतं. संदर्भ त्याच पुरवठ्यातून विभागून घेतला तर दोन्ही एकत्र हलतात आणि फरक कायम राहतो. संदर्भ ‘स्थिर’ केला की पुरवठ्यातली प्रत्येक हेलकावणी होमच्या जागेत उतरते.

संदर्भ नेमका शून्य क्षेत्राच्या व्होल्टेजवर ठेवू नये. चुंबक लांब असतानाही क्षेत्र शून्यच असतं, मग कम्परेटर दोन्हीकडे डळमळेल. आधी चुंबक दूर नेऊन सेन्सरचं व्होल्टेज मीटरवर मोजा. प्रत्येक नगाचं थोडं वेगळं येतं, २.४३ किंवा २.५८ आलं तरी घाबरू नका. प्रीसेटने संदर्भ त्याच्यापेक्षा १०० मिलिव्होल्ट वर ठेवा. हे झाले सुमारे ७० गॉस: उलट्या शेपटाच्या बरेच वर, आणि शून्याच्या जागेपासून पाव मिमीच्या आतच. चुंबकाची ताकद २.४ टक्क्यांनी घटली तरी ७० गॉसमधले दोन गॉससुद्धा जात नाहीत. जागेत तो फरक ०.००६ मिमी होतो, म्हणजे चुंबकाचा उन्हाळा-हिवाळा या मांडणीत जवळजवळ दिसेनासा होतो.

सेन्सरच्या तारेवर कम्परेटरच्या बाजूला १०० के ने ५ व्होल्टची ओढ द्या. उंदराने सिग्नलची तार कुरतडली तर इनपुट वर जाईल आणि खटका ‘पडलेला’ दिसेल. यंत्र अडून बसेल, पण आंधळेपणाने अडसरावर धडकणार नाही.

बसवणं

सेन्सर स्थिर चौकटीवर आणि चुंबक सरकत्या गाड्यावर बसवा. उलट केलं तर सेन्सरची तार दिवसभर वाकत राहते आणि सहा महिन्यांत आतून तुटते. ब्रॅकेट अ‍ॅल्युमिनियमच्या अँगलचं, स्क्रू पितळी. लोखंडी पट्टीने क्षेत्राचा आकार बदलतो आणि वरचे सगळे आकडे निरुपयोगी होतात. थ्रीडी प्रिंटरवर पीएलए मध्ये काढलेलं ब्रॅकेट पत्र्याच्या शेडमध्ये ताणाखाली हळूहळू वाकतं, त्याच्या नादी लागू नका. आणि चुंबक किंवा सेन्सर लाकडी फळीवर तर मुळीच नको. सागाची ३०० मिमी रुंद फळी मेपासून जुलैपर्यंत आडव्या दिशेने दोन-तीन मिमी फुगू शकते. लाकडाचं काम करणाऱ्याला हे सांगायची गरज नाही, पण यंत्राच्या चौकटीत प्लायवूड किंवा एमडीएफ वापरलं असेल तर होम तिथूनही हलत असेल, तेवढं तपासा.

स्टेपर मोटरच्या आतही चुंबक असतात. सेन्सर मोटरपासून ५० मिमी तरी लांब ठेवा, स्पिंडलपासून त्याहून जास्त.

खारी हवा

मायक्रोस्विच गंजले तसा हॉल सेन्सरचा आतला भाग गंजत नाही. गंजतात ते त्याचे पाय, सोल्डरचे जोड आणि चुंबक. निओडिमियमच्या निकेल मुलाम्याला कुठे टवका उडाला की आतून करडी भुकटी सुटायला लागते आणि चकती फुगते. चकत्या इपॉक्सीत पूर्ण बुडवा, तोंडावर अर्धा मिमी थर येऊ द्या. हा थर फटीच्या ३ मिमीत धरायचा. तोंड गुळगुळीत असलं की भुसाही साचत नाही. हीच मांडणी बाहेर, समजा सरकत्या फाटकाला, वापरायची असेल तर किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूपासून जपा. रत्नागिरीच्या काळबादेवीसारख्या किनाऱ्यांवरच्या वाळूत इल्मेनाइट आणि मॅग्नेटाइटचे कण असतात. उघड्या चुंबकाला त्यांची दाढी येते आणि खटक्याची जागा बदलते. तिथे चुंबक उभा लावा आणि पातळ ३०४ स्टेनलेसच्या टोपीखाली ठेवा, म्हणजे वाळू पुसून काढता येते.

सेन्सरच्या पायांना तारा सोल्डर केल्यावर फ्लक्स स्पिरिटने स्वच्छ धुवा. दमट हवेत फ्लक्स आणि मीठ मिळून पायापायांमध्ये ओलसर थर धरतात आणि त्यातून गळती होते. ४७० के सारख्या मोठ्या रोधाशेजारी ही गळती थेट खटक्याच्या बिंदूवर येते. कम्परेटरच्या पट्टीवरही वॉर्निशचा हात फिरवा. सेन्सर सावकाश वाळणाऱ्या अ‍ॅराल्डाइटमध्ये भरा. व्हिनेगरसारखा आंबट वास येणारं सिलिकॉन सीलंट वापरू नका, वाळताना त्यातून अ‍ॅसेटिक आम्ल सुटतं आणि तांबं हिरवं पडतं. न्यूट्रल क्युअर लिहिलेलं सिलिकॉन चालतं.

इपॉक्सी वाळताना आकसते आणि सेन्सरच्या चिपवर दाब येतो, त्याने शून्याचं व्होल्टेज थोडं हलतं. त्यामुळे प्रीसेट लावायचा तो भरण झाल्यावर, एक दिवस जाऊ देऊन. नंतर प्रीसेटच्या स्क्रूवर नेलपॉलिशचा थेंब सोडा.

तारा आणि सेटिंग

सेन्सरच्या पायांपाशीच, तारेच्या कंट्रोलरकडच्या टोकाला नाही, पुरवठा आणि ग्राउंड यांच्यामध्ये ०.१ मायक्रोफॅरॅडचा सिरॅमिक कपॅसिटर हवा. तार तीन पदरी, जाळीवाली, आणि जाळी फक्त कंट्रोलरच्या टोकाला ग्राउंड केलेली. मोटरच्या तारांच्या जुडग्यात ती बांधू नका. नुसता ३१४४ वापरत असाल तर अर्डुइनोच्या आतल्या पुल-अपवर (पिन ५ व्होल्टकडे ओढणाऱ्या रोधावर) विसंबू नका. तो २० ते ५० के चा, फार ढिला असतो. बाहेरून ४.७ के लावा.

पुढेमागे ईएसपी-३२ या ३.३ व्होल्टच्या कंट्रोलरवर जायचा विचार असेल तर ३१४४ ला किमान ४.५ व्होल्ट लागतात हे लक्षात ठेवा. त्याला ५ व्होल्टच द्या आणि पुल-अप मात्र ३.३ वर घ्या, ओपन कलेक्टर असल्याने चालतं. एलएम-३९३ च्या आउटपुटलाही हेच लागू, फक्त तिथे ४७० के ची पकड थोडी बदलेल.

जीआरबीएलमध्ये $५ शून्यच ठेवा, कारण दोन्ही मांडण्यांत खटका पडला की पिन शून्यावर जाते. $२२ एक. $२५ म्हणजे शोधाचा वेग, ५०० मिमी प्रति मिनिट ठीक आहे. $२४ हा दुसऱ्या, हळू फेरीचा वेग २५ वर राहू द्या, अचूकता याच फेरीत ठरते. ही फेरी नेहमी एकाच दिशेने येते, त्यामुळे चालू-बंद बिंदूंमधलं अंतर आणि लीडस्क्रूची ढिलाई होमच्या जागेत मिसळत नाहीत. सीएनसी शील्डची (अर्डुइनोवर बसणाऱ्या जोडणीच्या पट्टीची) तिसरी आवृत्ती वापरत असाल तर एक बारकावा: ती जुन्या जीआरबीएलसाठी आखलेली आहे. नव्या जीआरबीएलमध्ये झेड अक्षाची मर्यादा पिन १२ वर आणि स्पिंडल पिन ११ वर गेला आहे, त्यामुळे झेड सेन्सरची तार शील्डवर ‘स्पिंडल’ लिहिलेल्या जागी लागते.

खात्री कशी करायची

नवे सेन्सर लावण्याआधी टेबलावर पाहा. दक्षिण ध्रुव जवळ नेला की चालू आणि दूर नेला की आपोआप बंद झाला पाहिजे. चुंबक दूर नेऊनही चालूच राहिला तर तो लॅच प्रकारचा (उलटा ध्रुव येईपर्यंत चालूच राहणारा) आहे, ३१४४ च्या नावाखाली असेही नग येतात. यूएस-१८८१ सारखे लॅच मोटरमध्ये उत्तम चालतात. इथे मात्र हळव्या नगाचा बिंदू ५ गॉसपर्यंतही खाली असू शकतो, तो उलट्या शेपटावरच खटका देईल. शिवाय वीज आल्यावर तो कोणत्या स्थितीत उठेल याचा भरवसा नाही.

मग गाड्याला ०.०१ मिमीचा डायल गेज लावा. यंत्र होमला पाठवा, काटा शून्यावर घ्या, गाडा शंभर मिमी दूर नेऊन पुन्हा होमला आणा, असं वीस वेळा करा आणि प्रत्येक आकडा लिहा. हेच पहाटे एकदा आणि पत्रा तापल्यावर दुपारी एकदा. वीस आकडे ०.०२-०.०३ मिमीत बसले पण पहाटे-दुपारच्या सरासरीत मोठा फरक निघाला, तर तापमानाचा दोष शिल्लक आहे: फट मोजा, ब्रॅकेट बघा. वीस आकडेच विस्कटलेले असतील तर तापमान सोडा, ढिला कपलर, सैल स्क्रू किंवा तारेतला गोंगाट शोधा. आणि एक-दोन आकडे ठरावीक ०.१६ मिमीनेच उडी मारत असतील तर सेन्सरला हात लावू नका. होमवरून मागे येताना मोटर पायऱ्या चुकते आहे: ती चुकली की एका वेळी चार पूर्ण पायऱ्या जातात, आणि ८ मिमी लीडच्या (एका फेऱ्यात ८ मिमी सरकवणाऱ्या) स्क्रूवर त्या बरोबर तेवढ्याच भरतात. ड्रायव्हरचा करंट तपासा.